इंजिन सोडवणे, इंजिन जोडणे

प्रश्न : आपण रेल्वेत नोकरी केली आहे. कमी अंतराच्या गाड्या पूर्वी शेवटच्या स्थानकावर बराच वेळ थांबत, आता त्या लगेच परत फिरतात. हा फरक कशामुळे पडला? आपल्याला जुन्या गाड्यांची आठवण येते का?

उत्तर : पूर्वी गाडी शेवटच्या स्थानकात आली की इंजिन सोडवून, शेजारच्या रुळावरून दुसऱ्या टोकाला आणून पुन्हा जोडावे लागे. हे काम मी पुष्कळ वर्षे केले. बफरांमधल्या, म्हणजे इंजिन-डब्यांच्या टोकांना धक्के झेलण्यासाठी बसवलेल्या दांड्यांमधल्या, अरुंद जागेत वाकून शिरायचे, तेलकट आणि जड स्क्रू कपलिंग (इंजिन आणि डबा जोडणारी आट्यांची कडी) उचलून हुकात अडकवायचे, आटे आवळायचे, ब्रेकचे होज (रबरी नळ्या) जोडायचे आणि अगदी शेवटच्या डब्यापर्यंत ब्रेक लागतो याची खात्री केल्याखेरीज गाडी सोडायची नाही, असा तो क्रम असे.

हल्लीच्या बऱ्याच गाड्यांना दोन्ही टोकांस चालकाची केबिन असते आणि गाडी चालवणाऱ्या विजेच्या मोटारी डब्यांखालीच असतात. चालक पलीकडे चालत गेला की गाडी उलट निघते. कल्पना मात्र जुनीच : शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी अमेरिकन अभियंते फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ साली अनेक डब्यांच्या मोटारी एकाच केबिनमधून चालवण्याची पद्धत सिद्ध केली. जोर अनेक चाकांवर वाटला गेल्याने गाडी वेग लवकर घेते, आणि थांबे जवळजवळ असले की खरा वेळ तिथेच वाचतो.

कपलिंग करताना हात चेंगरलेले सोबती मी पाहिले आहेत, त्यामुळे त्या कामाचे गोडवे माझ्याने गाववत नाहीत. चुकल्यासारखे वाटते ते उघड्या खिडक्यांपाशी. बंद काचेतून पाऊस दिसतो, पण ओल्या मातीचा वास येत नाही.