रादोमची रायफल घासू नकोस

प्रिय बाळा,
अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या दुकानात तू जी जुनी रायफल घ्यायला बघतोयस, तिचे तू पाठवलेले फोटो मोठे करून नीट पाहिले. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या लोखंडी भागावर, मुकुट घातलेला गरुड, खाली ‘एफ. बी. रादोम’ आणि १९३७ साल. म्हणजे ही पोलंडची व्झ. २९ (१९२९ चा नमुना), माउझर या जर्मन रायफलीच्या घराण्यातली, ७.९२ मिलिमीटरची. पहिल्या महायुद्धानंतर डान्झिगच्या जर्मन शस्त्रागारातली यंत्रं पोलंडच्या वाट्याला आली. ती आधी वॉर्सात बसवली, पुढे पोलंडमधल्याच रादोम शहरात मोठा कारखाना उभा राहिला. शेजाऱ्याच्याच यंत्रांवर पोलंडनं आपलं सैन्य सज्ज केलं, आणि १९३९ च्या सप्टेंबरात त्याच शेजाऱ्यानं कारखान्यासकट सगळं ताब्यात घेतलं.

दुकानदार म्हणतो, ‘शंभर डॉलर जास्त द्या, घासून, ब्लूइंग करून (लोखंडावर निळसर काळा थर चढवून) नवीकोरी देतो.’ त्याला ठाम नाही म्हण. या बंदुकीची सगळी किंमत तिच्यावरच्या खुणांत आहे. पोलिश गरुडाशेजारी जर्मन तपासनिसांचे बारीक शिक्के असतील, तर ती शत्रूच्या हातीही वापरली गेली. बफिंगच्या, म्हणजे घासून चमकवायच्या, चाकाखाली गरुडाच्या पिसांच्या कडा आधी बोथट होतात आणि बारीक शिक्के तर पार पुसले जातात. गेलेलं परत आणता येत नाही.

लाकडी दस्ता आधी कुणी घासला आहे का, हे ओळखायला एक सोपी खूण आहे. दस्त्याच्या टोकाच्या लोखंडी पट्टीवरून नख फिरव. मूळ दस्त्यात लाकूड आणि लोखंड जवळजवळ एका पातळीत असतं. नख लोखंडाला अडखळलं, तर सँडपेपरनं लाकूड खाल्लंय असं समज. तू स्वतः सँडपेपर हातातही घेऊ नकोस. जुनं ग्रीस मिनरल स्पिरिटच्या फडक्यानं हळूहळू काढ, मग जवसाच्या तेलाचे चार थेंब तळहातानं जिरव. लाल गंज असेल तिथं तेलात भिजवलेली सर्वांत बारीक स्टील वूल हलक्या हातानं फिरव आणि खालचा काळपट थर दिसला की थांब.

जुन्या वस्तूंच्या बाजारात रचलेल्या कहाण्या फार विकल्या जातात. ‘ही माँटे कॅसिनोला लढलेली आहे’ असं कुणी सांगितलं तर पैसे खिशातच ठेव. १९४४ साली इटलीतल्या त्या लढाईत उतरलेल्या जनरल अँडर्सच्या पोलिश सैन्याकडे ब्रिटिश शस्त्रं होती. आपल्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत त्या काळी जी पोलिश कुटुंबं राहिली, त्यांतल्या कितीतरी जणांची माणसं याच सैन्यात होती. रादोमची खरी गोष्ट त्याहून जड आहे. जर्मनांच्या ताब्यात असताना तिथले कामगार पिस्तुलं आणि त्यांचे भाग चोरून बाहेर, प्रतिकार करणाऱ्यांकडे पोचवत होते. ते उघडकीला आल्यावर ऑक्टोबर १९४२ मध्ये कामगारांना सगळ्यांसमोर फाशी दिली. तुझी रायफल त्याच कारखान्यातली आहे, हे ती हातात घेताना लक्षात असू दे.

चालवायची असेल तर आधी बंदुकांच्या जाणत्या कारागिराकडून हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद असताना काडतुसाला मिळणारी जागा, तपासून घे. बोल्टवरचा नंबर रिसीव्हरशी जुळत नसेल तर हे अजिबात टाळू नकोस. जुनी लष्करी काडतुसं वापरलीस, तर त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धू, वाळव आणि मगच तेल लाव. त्यांच्या प्रायमरमधला (काडतुसाच्या बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या दारूतला) क्षार तेलानं निघत नाही, तो हवेतलं पाणी ओढतो आणि नळी आतून खातो.

तिकडे अमेरिकेत पन्नास वर्षांवरच्या बंदुकांसाठी संग्राहकांचा वेगळा परवाना आहे, पण तुझ्या राज्याचा कायदा आधी वाच. आणि भारतात परतताना ती सोबत आणता येईल असं धरून चालू नकोस.

बोल्टवरच्या नंबराचा आणि दस्त्याच्या त्या पट्टीचा जवळून फोटो पाठव. तोवर पैसे देऊ नकोस, किमतीचं मग बोलू.

तुझा,
काका