सिझेरियनच्या वेळी भरणारी हुडहुडी टाळता येईल का?

प्रश्न : माझे पहिले बाळंतपण सिझेरियनने झाले. पाठीतून भूल दिल्यावर थोड्याच वेळात हात, खांदे आणि जबडा इतका थरथरू लागला की बाळाला छातीशी धरायचेही धाडस झाले नाही. पाय मात्र निपचित होते आणि थंडीही फारशी वाजत नव्हती. आता पुन्हा सिझेरियन ठरले आहे. हा त्रास टाळता येईल का?

उत्तर : हा त्रास बऱ्याच मातांना होतो, आणि तो पूर्णपणे टळेल अशी हमी देता येत नसली तरी पुष्कळसा कमी करता येतो. मणक्यात भूल दिल्यावर शरीराच्या खालच्या भागातील रक्तवाहिन्या रुंदावतात, आतली उष्णता पायांकडे वळते आणि पहिल्या तासाभरात शरीराचे आतले तापमान अर्धा ते एक अंश सेल्सिअसने उतरू शकते. त्वचा उबदार असल्याने थंडी जाणवतेच असे नाही. मेंदूला मात्र ही घट कळते आणि तो स्नायूंना थरथरवून उष्णता निर्माण करू पाहतो. बधिर झालेल्या भागातील स्नायूंपर्यंत हा संदेश पोचत नाही, म्हणून आपले पाय शांत होते आणि हात थरथरत होते.

थरथर सुरू झाल्यावर ब्लँकेट पांघरण्याचा उपयोग मर्यादितच असतो, कारण उष्णता तोवर निघून गेलेली असते. खरा फायदा भूल देण्याआधीपासून ऊब देण्याचा आहे, आणि माझ्या मते त्याकडे हवे तेवढे लक्ष दिले जात नाही. गरम हवा खेळवणाऱ्या पांघरुणाने आधी पंधरा-वीस मिनिटे आणि शक्य असल्यास शस्त्रक्रियेदरम्यानही शरीर उबदार ठेवणे, सलाईन सुमारे ३७ अंशांपर्यंत कोमट करून देणे आणि थिएटरमधील एसी फार थंड न ठेवणे, हे तिन्ही उपाय एकत्र केले तर फरक पडतो. नुसते सलाईन गरम करून भागत नाही.

मणक्यातल्या औषधात अल्प प्रमाणात फेंटानिल हे वेदनाशामक मिसळल्यानेही थरथर कमी होते. तरीही ती सुरू झालीच, तर शिरेतून पेथिडीन किंवा ट्रॅमाडॉलसारखे औषध देता येते. त्याने मळमळ किंवा गुंगी येऊ शकते, म्हणून ते सहसा नाळ कापल्यानंतर आणि गरज पाहूनच दिले जाते. आपल्याला आधीपासून काही औषधे चालू असतील, विशेषतः नैराश्यावरची, तर ती भूलतज्ज्ञांना अवश्य सांगावीत, कारण ही दोन्ही औषधे त्यांपैकी काहींबरोबर चालत नाहीत.

मागच्या वेळचा अनुभव भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेच्या आधीच्या भेटीत सविस्तर सांगा. थरथरीमुळे रक्तदाबाचे आणि ऑक्सिजनचे आकडे नीट मिळत नाहीत, त्यामुळे त्यांच्यासाठीही ही माहिती मोलाची असते. हात थरथरत असले तरी परिचारिकेने आधार दिल्यास बाळ आपल्या छातीवर ठेवता येते. तसे आधीच सांगून ठेवावे. ही थरथर सहसा काही वेळाने आपोआप थांबते. मात्र वॉर्डमध्ये आल्यावर किंवा घरी गेल्यावर थंडी वाजून ताप आला, तर त्याचा भुलेशी संबंध जोडू नये आणि लगेच डॉक्टरांना कळवावे, कारण ते जंतुसंसर्गाचे लक्षण असू शकते.