एआय, शाळा आणि वाचनालय: वाचकांचे प्रश्न

चॅटबॉटला काय द्यावे आणि त्याने दिलेले किती मानावे, हा घोळ रोह्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत सारखाच दिसतो. तेच ते प्रश्न पुन्हा येतात, म्हणून काही पत्रांना एकत्र उत्तरे.

चॅटबॉटने सुचवलेली पुस्तकयादी सभासदांना द्यावी का? (ग्रंथपाल, रोहा)

प्रत्येक नाव ग्रंथालयाच्या तालिकेत किंवा प्रकाशकाच्या सूचीत सापडले तरच. नसलेले पुस्तकही तो लेखक, प्रकाशक आणि सालासकट सांगतो.

ड्यूई वर्गांक (पुस्तक कोणत्या विषयाच्या कपाटात ठेवायचे ते सांगणारा आकडा) चॅटबॉटला विचारला तर? (देवगड)

कच्चा अंदाज म्हणून विचारा. मराठी कादंबरीला 891.463 ऐवजी हिंदीचा 891.433 पडला, तर पुस्तक भलत्या कपाटात जाईल. ड्यूईची सारणी उघडून खात्री कराच.

आमच्याकडची मालवणी गाऱ्हाणी (देवापुढे घालायची), ओव्या आणि जुन्या स्मरणिका एआयकडून टंकून घेतल्या. मजकूर अगदी शुद्ध आला आहे. वाळवी लागलेल्या मूळ प्रती काढून टाकाव्यात का? (वाचनालयाचे कार्यवाह, वेंगुर्ला)

अजिबात नाही. शुद्ध आला, हीच तर काळजीची गोष्ट! जुने ओसीआर (चित्रातली अक्षरे ओळखणारी प्रणाली) चुकले की अक्षरांचा कचरा दिसे, चूक लगेच कळे. आताचे यंत्र अडले की संभाव्य वाटणारा शब्द भरते, आणि त्याने वाचलेल्या मजकुरात प्रमाण मराठी ढीगभर, मालवणी चिमूटभर. मग ‘माका’चे ‘मला’ होते, ‘खंय’चे ‘काय’ होऊन अर्थच फिरतो. ‘नाहीं’, ‘कांहीं’ यांवरचे जुने अनुस्वार उडतात आणि दमट हवेने पडलेला बुरशीचा ठिपका नवा अनुस्वार होऊन बसतो. गाऱ्हाण्यात ‘व्हय म्हाराजा’ पुन्हापुन्हा येते. तिथे एखादी ओळ गळते किंवा जास्तीची येते. हे सगळे इतक्या सफाईने होते की नुसता टंकलेला मजकूर वाचून कुणाला शंकाही येत नाही.

काम पुन्हा करा. फ्लॅश न वापरता रंगीत स्कॅन, 300 डीपीआय (दर इंचाला ठिपके), बारीक टाइपाला 400. काळ्यापांढऱ्या स्कॅनमध्ये डाग आणि शाई सारखीच दिसते. एका वेळी एकच पान द्या. ‘जसे आहे तसे उतरव, दुरुस्ती करू नकोस, न कळल्यास प्रश्नचिन्ह टाक’ असे स्पष्ट सांगा. तरीही तो दुरुस्ती करेल, म्हणून एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची आणि मालवणी बोलणाऱ्या दुसऱ्याने मजकूर ताडायचा. आधी पानावरच्या ओळी मोजा, मग नावे, सन, आकडे. स्कॅन कायम मजकुरासोबत ठेवा.

वाळवीच्या प्रती इतर पुस्तकांपासून दूर ठेवून संवर्धनतज्ज्ञाला दाखवा. जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय निर्लेखन (प्रती नोंदीतून काढून टाकणे) नको. स्मरणिकेतले लेख सर्वांसाठी खुले करायचे असतील तर लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे लेखनाचा हक्क (कॉपीराइट) टिकतो, तेव्हा वारसांना आणि वकिलाला विचारा.

मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर शेरे लिहायला गुणपत्रक चॅटबॉटला दिले तर? (शिक्षिका, चिपळूण)

नावे, हजेरी क्रमांक, आधार आणि फोटो काढल्याशिवाय नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या 2023च्या कायद्यात 18 वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे आणि पालकांची पडताळता येणारी संमती लागते. ‘सगळेच टाकतात’ हे कारण चालणार नाही. मुख्याध्यापकांकडून लेखी परवानगी घ्या.

निबंध 90 टक्के एआयचा असे एका संकेतस्थळाने सांगितले. शून्य गुण द्यावेत? (शिक्षक, गुहागर)

नाही. ओपनएआयने स्वतःचेच असे ओळखयंत्र अचूकता कमी म्हणून 2023मध्ये बंद केले. मुलाला कच्ची वही आणायला सांगा, निबंधातल्या दोन परिच्छेदांवर पाच मिनिटे तोंडी विचारा. तरी शंका उरलीच तर मुख्याध्यापक आणि पालकांसमोर बोला. वर्गात चोर ठरवू नका.

‘एआय ग्रंथालय’ विकणारा एजंट सवलत महिनाअखेरपर्यंतच म्हणतो आणि प्रात्यक्षिकासाठी सभासदांची यादी मागतो. द्यावी का? (मालवण)

नाही. आधी कोहा ही मुक्तस्रोत ग्रंथालयप्रणाली आणि एनआयसी या केंद्र सरकारच्या संगणक संस्थेचे ई-ग्रंथालय पाहा. करार संपल्यावर तुमच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हे त्याच्याकडून लिहून घ्या आणि कार्यकारिणीसमोर ठेवा. प्रात्यक्षिकाला दहा बनावट नावे पुरतात.