एका चित्रापुढे किती वेळ थांबावं?

प्रश्न : संग्रहालयात दहा मिनिटांत माझं सगळं दालन पाहून होतं. लोक एकाच चित्रापुढे एवढा वेळ काय पाहतात? – एक वाचक, सांगली

उत्तर : मीही तशीच भराभर फिरायचे. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात मात्र सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांच्या ‘ग्लो ऑफ होप’पुढे पाय थबकले. हातात दिवा घेतलेली बाई, ज्योतीला आडोसा दिलेला दुसरा हात. चित्रासाठी त्यांची लेकच उभी राहिली होती. आधी नुसता चेहरा दिसला. बऱ्याच वेळाने बोटं दिसली, उजेडाने कडा तांबूस झालेली. वीज गेली की आई अशीच माजघरातून यायची. रॉकेलचा तो वास मला तिथे आला, खरंच आला. आणि हे सगळं जलरंगात! त्यात उजेड मागाहून फासता येत नाही, कागदाचा पांढरेपणा पहिल्यापासून राखावा लागतो. बाहेर उन्हात आले, तर स्वतःचीच बोटं न्याहाळत होते.

पुढच्या वेळी दालनातलं एकच चित्र निवडा. पाटी आधी वाचू नका. जवळ बाक असेल तर खुशाल बसा.