तांदळात लिहिलेले नाव आणि सातबाऱ्यावरचे नाव

सप्रेम नमस्कार,

मालवण तालुक्यातून आपण पाठविलेले पाच पानी पत्र मी दोनदा वाचले. आपल्या विनंतीनुसार आडनावे येथे दिलेली नाहीत आणि आपली तिन्ही नावेही बदलून घेतली आहेत. नावाच्याच प्रश्नाला उत्तर देताना खरे नाव झाकून ठेवावे लागते, हे थोडे विचित्र आहे, पण त्याला इलाज नाही.

इतर वाचकांसाठी आपली अडचण थोडक्यात मांडतो. आपल्या आधीची दोन भावंडे पाळण्यातच गेली, म्हणून आजीने आपले नाव 'धोंडी' ठेवले. धोंड्याला काळ शिवत नाही, ही त्यामागची समजूत. पाऊस लांबला की शाळेतली मुले आपल्याभोवती फेर धरून पाणी मागत आणि आपण दप्तर टाकून घरी पळत असा. २००१ साली लग्नात यजमानांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'सुप्रिया' असे लिहिले. धोंडी सुटली म्हणून तेव्हा बरे वाटले, पण हेही नाव आपल्याला विचारून ठेवलेले नव्हते आणि चोवीस वर्षांत ते अंगाला बसले नाही. आता आपण तारकर्लीजवळ घरालगतच्या चार खोल्यांत पर्यटकांसाठी न्याहारी-निवासाची सोय चालविता आणि दारावरच्या पाटीवर स्वतः निवडलेले 'अबोली' हे नाव रंगवून घेतले आहे. पाहुणे त्याच नावाने हाक मारतात. "माका माझा नाव व्हया," असे आपण शेवटच्या पानावर लिहिले आहे.

या वयात असे नाव कायद्याने घेता येईल का, त्यासाठी यजमानांची संमती लागेल का, वडिलांच्या जमिनीतला हिस्सा त्यामुळे जाईल का, मुलाच्या गुणपत्रिकेवर आईचे नाव 'सुप्रिया' आहे त्याचे काय, आणि सही कोणत्या नावाने करायची, हे आपले प्रश्न आहेत. त्यांच्याआधी आपण ओझरत्या लिहिलेल्या एका गोष्टीकडे वळतो, कारण खरा धोका तिच्यात आहे.

तालुक्याच्या ठिकाणच्या एका एजंटाने आपल्याला सुचविले आहे की, शाळेच्या दाखल्यावरील 'धोंडी' ही लेखनातील चूक होती असे प्रतिज्ञापत्र करावे आणि दाखल्यावरच 'अबोली' असे दुरुस्त करून घ्यावे, म्हणजे पुढची सगळी कागदपत्रे आपोआप होतील. हे कृपया करू नका. नाव दुरुस्त करणे आणि नाव बदलणे या कायद्याच्या दृष्टीने दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जे नाव ठेवले होते तेच लिहिताना चुकले, तर ती दुरुस्ती होय. जे ठेवले होते ते बरोबरच लिहिले गेले, पण आता ते नको आहे, तर तो बदल होय. 'धोंडी' हे आजीने जाणूनबुजून ठेवलेले नाव होते. ती चूक होती असे शपथेवर सांगणे म्हणजे खोटे प्रतिज्ञापत्र करणे. शिवाय माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे शाळा सोडून गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदीत केवळ उघड दिसणारी चूकच, तीही शिक्षण विभागाच्या मंजुरीने, दुरुस्त होऊ शकते. जन्मनोंदीचेही तसेच आहे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ चे कलम १५ चुकलेल्या नोंदीसाठी आहे, आवडीनिवडीसाठी नाही. जुनी नोंद जशी होती तशी राहू द्यावी आणि तिच्यापासून नव्या नावापर्यंत एक सरळ पूल बांधावा, असे माझे मत आहे. दाखल्यावरची धोंडी पुसली गेली, तर वडिलांच्या जमिनीपर्यंत जाणारा आपला रस्ताच पुसला जाईल. त्याचा खुलासा पुढे करतो.

आता मूळ प्रश्न. आपल्याकडे 'नाव बदलण्याचा कायदा' असा स्वतंत्र कायदा नाही, आणि त्यामुळेच लोकांना वाटते की कोणाची तरी परवानगी लागत असणार. तशी परवानगी लागत नाही. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाच्या प्रमाणपत्रांवरील नावांच्या प्रकरणात, म्हणजे जिग्या यादव खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ३ जून २०२१ रोजी निर्णय देताना नाव हा माणसाच्या ओळखीचा भाग मानला आणि त्याचा संबंध घटनेच्या अनुच्छेद १९(१)(अ) व २१ मधील हक्कांशी जोडला. त्याच निर्णयात दुरुस्ती आणि बदल यांत फरक केलेला आहे, तो आपल्या एजंटाने वाचलेला दिसत नाही. हा हक्क अर्थातच निरंकुश नाही. कर्ज बुडविण्यासाठी किंवा दुसऱ्याच कोणाचे तरी सोंग घेण्यासाठी नाव बदलले, तर तोतयेगिरी करून फसवणूक केल्याचा गुन्हा, म्हणजे भारतीय न्याय संहितेचे कलम ३१९, लागू होऊ शकते. आपल्या पत्रात तसे काहीच नाही. नाव का बदलायचे याचे पटण्यासारखे कारण मात्र आपल्याला कोणापुढे सिद्ध करावे लागणार नाही. २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात 'नकोशी' नावाच्या २८५ मुलींना प्रशासनानेच समारंभ करून नवी नावे दिली होती. त्या मुलींचे दुःख समजायला जसा पुरावा लागला नाही, तसा तो आपल्याबाबतही लागू नये.

यजमानांच्या संमतीबद्दल. हिंदू विवाह अधिनियमात किंवा अन्य कोणत्याही कायद्यात पत्नीने पतीचे नाव अथवा आडनाव लावलेच पाहिजे, असे कलम नाही. तेव्हा ते सोडायला त्याची संमती लागण्याचाही प्रश्न उरत नाही. केंद्र शासनाच्या राजपत्रासाठी विवाहित स्त्रीने माहेरच्या आडनावावर परत जाताना पतीचे ना-हरकत पत्र द्यावे, अशी अट घातली गेली होती आणि २०२४ मध्ये तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले, हे आपल्या कानावर आलेले असू शकते. आपल्याला त्या वाटेने जायचे नाही, आपली वाट राज्याच्या राजपत्राची आहे. कोणी कारकून तरीही संमतीपत्र मागू लागला, तर तसा लेखी नियम दाखविण्याची लेखी विनंती करावी. बहुतेक वेळा विषय तेथेच संपतो. "मी तांदळात लिहिलेले नाव तू पुसतेस," असे यजमान म्हणाले आणि दोन दिवस गप्प राहिले, असे आपण लिहिता. त्यावर वकिलाने बोलणे उचित नाही. एवढेच सांगतो की, तांदळात लिहिलेल्या नावाला कायद्याने स्वतःचे असे बळ कधीच नव्हते. ते पुढे रेशनकार्डावर, मतदारयादीत आणि आधारवर चढत गेले म्हणून आपले झाले.

आणि येथेच आपल्या कागदपत्रांतली मोठी फट आहे. आपल्याकडे विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आहे, पण त्यावर वधूचे नाव 'धोंडी' असेच आहे. म्हणजे धोंडीचे लग्न अमुक यांच्याशी झाले, हे त्यावरून सिद्ध होते, परंतु ती धोंडी म्हणजेच आजची सुप्रिया, हे सांगणारा एकही सरकारी कागद आपल्या फाइलीत नाही. नोटरीकडचे 'दोन्ही नावांची व्यक्ती मी एकच' असे प्रतिज्ञापत्र बँकेने एकदा चालवून घेतले असले, तरी ते शेवटी आपलेच म्हणणे आहे. म्हणून आता राजपत्रात सूचना देताना केवळ 'सुप्रिया'चे 'अबोली' करू नका. जुन्या नावाच्या रकान्यात 'धोंडी (वडिलांचे नाव, माहेरचे आडनाव) उर्फ सुप्रिया (पतीचे नाव, सासरचे आडनाव)' असे पूर्ण लिहा आणि नव्या नावाच्या रकान्यात 'अबोली'सह संपूर्ण नवे नाव लिहा. एका सूचनेत हे बसत नसेल, तर दोन सूचना द्याव्यात: पहिली धोंडीची सुप्रिया आणि दुसरी सुप्रियाची अबोली. थोडा खर्च वाढेल, पण पूल पूर्ण होईल.

या सूचना महाराष्ट्र शासन राजपत्राच्या भाग दोनमध्ये प्रसिद्ध होतात आणि अर्ज शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशने संचालनालयाच्या संकेतस्थळावरून करता येतो, मुंबईला चर्नी रोडला खेटे घालण्याची गरज नाही. राजपत्राबद्दल आपल्याकडे एक गैरसमज आहे की, त्यात नाव छापून आले म्हणजे सरकारने ते मंजूर केले. तसे नसते. मजकूर अर्जदाराच्या अर्जावरूनच छापलेला असून त्याच्या खरेपणाची जबाबदारी शासनावर नाही, असे राजपत्रातच नमूद केलेले असते. ती आपण जगाला दिलेली जाहीर सूचना असते, आणि इतर कार्यालये ती मानतात ती याच कारणासाठी. म्हणूनच तीत चूक झाली, तर ती आपलीच ठरते. इंग्रजी स्पेलिंग एकच ठरवून घ्या. 'अबोली'च्या शेवटी एक 'आय' की दोन 'ई', यावरून पुढे पॅनकार्ड अडलेले मी पाहिले आहे. सोबतच्या प्रतिज्ञापत्रासाठी पाचशेचा स्टॅम्पपेपर लागतो असे कोणी सांगितल्यास लक्षात ठेवा की, शासकीय कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांवरील मुद्रांक शुल्क राज्य शासनाने २००४ मध्येच माफ केलेले आहे.

आडनावाचे काय, हे आपण मोकळे ठेवले आहे. सासरचे ठेवावे, माहेरचे घ्यावे, की आपल्या गावाच्या नावाला 'कर' जोडून नवेच लावावे, असे तीन पर्याय आपण लिहिले आहेत. कोकणात गावावरून आडनाव लावणे नवे नाही आणि तिन्ही पर्याय कायदेशीर आहेत. माझा आग्रह इतकाच की, ठरवायचे ते राजपत्राआधी आणि एकदाच ठरवा, कारण आधारवरील नाव आयुष्यात साधारणपणे दोनदाच बदलता येते आणि आपली एक संधी २०१९ मध्ये स्पेलिंग सुधारण्यात खर्च झालेली आहे. व्यवहाराचा विचार केला, तर या वेळी पहिले नाव बदलावे आणि आडनाव तसेच ठेवावे, असे मी सुचवीन; परंतु हा सल्ला सोयीचा आहे, हक्काचा नाही, आणि आपले मन दुसरीकडे असेल तर तो बाजूला ठेवावा.

आता वडिलांची जमीन. ते दोन वर्षांपूर्वी वारले, मृत्युपत्र केलेले नव्हते आणि वारस नोंद अद्याप झालेली नाही. आपला हिस्सा नावावर अवलंबून नाही, नात्यावर आहे. जमीन वडिलोपार्जित असेल तर हिंदू उत्तराधिकार अधिनियमाच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतःच मुलाइतका हक्क आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा प्रकरणात तो आणखी स्पष्ट केला आहे. स्वकष्टार्जित असेल, तरी मृत्युपत्राच्या अभावी आपण पहिल्या वर्गातील वारस आहातच. परंतु कोकणातला सामायिक सातबारा आपण जाणता. त्यावर पणजोबांपासून मुंबईकर चुलत्यांपर्यंत नावांची दिंडी असते आणि त्यातल्या प्रत्येक नावाला आपला माणूस शोधावा लागतो. उद्या भावांच्या मुलांनी 'अबोली नावाची आमची आत्याच नव्हती' असे म्हटले, तर ते कदाचित खोटेही बोलत नसतील.

म्हणून क्रम महत्त्वाचा आहे. आधी वारस नोंद करून घ्या. अर्ज तलाठ्याकडे, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे, 'धोंडी उर्फ सुप्रिया' या दोन्ही नावांनी द्या आणि सोबत शाळेचा दाखला व विवाह प्रमाणपत्र जोडा. धोंडी कोण, हे आज भाऊ, पोलीस पाटील आणि शेजारपाजार सारेच जाणतात. फेरफाराची नोटीस निघून हरकतीसाठी पंधरा दिवस जातील आणि नोंद प्रमाणित होईल. त्यानंतर राजपत्र प्रसिद्ध झाले की, त्याच्या प्रतीवरून नावातील बदलाचा दुसरा फेरफार करून घ्यावा. या दरम्यान भावांनी 'नावाचा घोळ नको, एक सही कर' म्हणून हक्कसोडपत्र पुढे केले, तर ते नावाच्या घोळावरचे औषध नाही. त्याने नाव तसेच राहते आणि जमीन जाते. भावांचा हेतू वाईट आहे असे मी म्हणत नाही, आपल्या पत्रातही तसे नाही.

मुलाच्या दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांवर आईचे नाव 'सुप्रिया' आहे ते राहू द्या. परीक्षा झाली तेव्हा आईचे नाव तेच होते, त्यात चूक काही नाही. कोठे विचारणा झाल्यास राजपत्राची प्रत पुरेल. राजपत्रानंतर आपल्या कागदपत्रांत प्रथम आधार, मग पॅन आणि बँक, त्यानंतर मतदारयादी आणि ग्रामपंचायतीतील घराचा उतारा असा क्रम ठेवावा. मतदारयादीतील बदलाचा अर्ज 'नमुना ८' आणि घराचा असेसमेंट उताराही 'नमुना ८'च, त्यामुळे सेतू केंद्रात कोणता हवा ते नीट सांगावे. बचत गटाचे जे कर्ज आपल्या नावे चालू आहे, त्या बँकेला मात्र स्वतःहून लेखी कळवा. कळविल्याची पोच हाच आपल्या प्रामाणिकपणाचा पुरावा राहील.

शेवटचा प्रश्न सहीचा. सहीत नाव वाचता आलेच पाहिजे असा नियम नाही, म्हणून सही बदलणे बंधनकारक नाही. परंतु आपल्याला ती बदलायची आहे, असे पत्राच्या सुरावरून दिसते. राजपत्राच्या तारखेपासून नव्या कागदांवर नवी सही करण्यास हरकत नाही. बँकेत मात्र नवा नमुना नोंदवून घेतल्याची पोच मिळेपर्यंत जुनी सही चालू ठेवावी. तोवर पाटीवर अबोली असली, तरी चेकवर सुप्रियाच सही करील.

आपला,
एक वकील, सिंधुदुर्ग