नेट स्लो झालं, पण कितव्या तारखेला?

सांगलीहून एका वाचकांचं पत्र आलंय. ते घरूनच लग्नाच्या शूटिंगचा व्यवसाय करतात. 100 एमबीपीएसचं फायबर कनेक्शन आहे. एका लग्नाचं फुटेज साधारण 90 जीबी, ते पुण्याच्या एडिटरला पाठवायचं असतं. महिन्याच्या सुरुवातीला दोन-अडीच तासांत जातं, पण ‘वीस-बावीस तारखेनंतर चार-चार दिवस हलत नाही’. लाइनमनने राउटर गेल्याचं सांगून 2,800 रुपयांचा नवा बसवला, फरक शून्य. मे महिन्यात उशीर झाला म्हणून एका पार्टीने 40,000 रुपये अडवले. प्रश्न एकच: कंपनीवर केस होईल का?

अशी पत्रं सतत येतात. कुणाचे नकाशे अडकतात, कुणाच्या मुलीचा प्रोजेक्ट. तुम्ही ग्राहक आहात का, दूरसंचार ही सेवा आहे का, यावर शाई घालवत नाही. 2019च्या ग्राहक संरक्षण कायद्यात ‘सेवे’च्या व्याख्येत दूरसंचार नावानिशी आहे आणि फेब्रुवारी 2022मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मोबाइल कंपनीच्या एका प्रकरणात ग्राहक मंचाचा (आताच्या ग्राहक आयोगाचा) दरवाजा उघडाच असल्याचं सांगितलं आहे. कंपनीचा वकील जुन्या टेलिग्राफ कायद्याचं, वाद लवादाकडे न्या म्हणणारं कलम काढेल, काढू दे.

तुमच्या पत्रातला खरा मुद्दा ‘वीस-बावीस तारखेनंतर’ एवढाच आहे. राउटर बिघडला तर तो तारीख बघून बिघडत नाही. तुम्ही पाठवलेल्या, कनेक्शन घेतानाच्या फॉर्मच्या फोटोत, दुसऱ्या पानाच्या तळाला, बारीक अक्षरात लिहिलंय: 500 जीबीपर्यंत 100 एमबीपीएस, त्यानंतर 2 एमबीपीएस. त्याच्याच खाली तुमची सही. पाच लग्नं झाली की 450 जीबी तिथेच गेले, उरलेले घरातल्या टीव्हीने खाल्ले. मर्यादेत डाउनलोडसोबत अपलोडही धरतात. 90 जीबी 100च्या वेगाने दोन तासांत जातात, 2च्या वेगाने शंभर तास, म्हणजे चार दिवस. तुमचे ‘चार-चार दिवस’ ते हेच. ही ओळ सही करण्यापूर्वी वाचली असती तर राउटरचे पैसे वाचले असते.

हे कलम बेकायदा नाही. पण त्याला अटी आहेत. ट्रायच्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, 31 ऑक्टोबर 2016च्या निर्देशानुसार मर्यादा किती, तिच्याआधी वेग किती आणि नंतर किती, हे कंपनीने स्पष्ट सांगायला हवं. मर्यादा संपल्यावरही वेग 512 केबीपीएसच्या खाली नेता येत नाही. तुमचा 2 एमबीपीएस त्याच्या बराच वर आहे, तेव्हा तिथे भांडण नाही. मात्र मर्यादा संपत आली की नोंदणीकृत मोबाइलवर किंवा ईमेलवर सूचना द्यावी लागते. तुमची केस असलीच तर ती इथे आहे. ‘वेग कमी केला’ म्हणून गेलात तर हराल. ‘कमी करताना कळवलं नाही’ म्हणून गेलात तर ऐकून घेतलं जाईल.

आता तुम्ही लिहिता, ‘मला कधीच मेसेज आला नाही’. फॉर्मवरचा मोबाइल नंबर आणि तुम्ही पत्राखाली दिलेला नंबर वेगळे आहेत. तो नंबर कुणाचा? लाइनमनने ‘सही करा, बाकी मी भरतो’ म्हणत स्वतःचाच नंबर टाकला असेल (हे सर्रास चालतं), तर मेसेज त्याला जात राहिले आणि त्याच्या वागण्याची जबाबदारी कंपनीवर टाकता येईल, असं मला वाटतं. पण तो तुमचाच जुना, बंद पडलेला नंबर असेल तर कंपनी हात वर करेल आणि आयोगालाही ते पटेल. हे आधी शोधा. मग वकील गाठा.

दरम्यान लाइनमनशी व्हॉट्सअ‍ॅपवर घातलेला वाद विसरा. तुम्ही जोडलेले अकरा स्क्रीनशॉट म्हणजे ‘दादा बघा ना’ आणि ‘उद्या येतो’. ती तक्रार होत नाही. कंपनीच्या तक्रार केंद्राला फोन करा आणि डॉकेट नंबर (तक्रारीचा नोंदणी क्रमांक) घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. मग ईमेलने विचारा: गेल्या सहा महिन्यांत मर्यादा कोणत्या तारखांना संपली, सूचना कोणत्या नंबरवर गेल्या, राउटर बदलण्याचं कारण काय नोंदवलं. उत्तर पटलं नाही किंवा मुदतीत आलंच नाही, तर 30 दिवसांत कंपनीच्याच अपील प्राधिकाऱ्याकडे जा. त्याने 39 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपील केल्याशिवाय ग्राहक आयोगात जाता येत नाही असं नाही. तरी करा, कारण तिथे कंपनीला लेखी उत्तर द्यावं लागतं आणि ते पुढे कामाला येतं.

पैशांचं म्हणाल तर 40,000चा भरवसा देत नाही. धंद्यासाठी घेतलेल्या सेवेवर ‘व्यावसायिक कारण’ हा आक्षेप येणारच. स्वयंरोजगाराची सूट आहे, पण नव्या कायद्यात तिचे शब्द वस्तूंपुरते उरले आहेत, त्यामुळे वाद निघेल. शिवाय पार्टीने पैसे नेटमुळेच अडवले, हे सिद्ध कुणी करायचं? 2,800चं तसं नाही. बरा असलेला राउटर गेला म्हणून सांगून नवा विकला, हे साधं, पटणारं प्रकरण आहे. बिल नाही म्हणता, यूपीआयची नोंद तरी असेल. कुणाच्या खात्यात गेले ते पाहा.

तक्रार सांगलीच्या जिल्हा आयोगातच करता येते, मुंबईला जायची गरज नाही. व्यवहार 5 लाखांच्या आतला असल्याने फी नाही, ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या पोर्टलवर घरबसल्या दाखल होते. मुदत दोन वर्षांची, राउटरसाठी ती खरेदीच्या तारखेपासून धरून चाला. दर महिन्याला वेग पडतो म्हणून दर महिन्याला नवी मुदत, असा युक्तिवाद करता येतो, पण त्यावर विसंबू नका. कायदा म्हणतो, नोटीस मिळाल्यापासून तीन महिन्यांत निकाल. कंपनीला उत्तरालाच 30 अधिक 15 दिवस मिळतात, मग तारखा, मग आयोगातल्या रिकाम्या खुर्च्या. 2,800साठी दोन-तीन वर्षं गेली तर मला आश्चर्य वाटणार नाही. डॉकेट आणि अपिलाच्या टप्प्यावर कंपनी पैसे परत द्यायला तयार झाली, तर घ्या.

याच विषयावर टॉरेंटवाल्यांचीही पत्रं आहेत. सिनेमे उतरवताना वेग पडतो ही तक्रार घेऊन आयोगात जाऊ नका. कॉपीराइटचा भंग गुन्हा ठरवणारं कॉपीराइट कायद्याचं कलम 63 आधी वाचा.

सांगलीकर, दोन कामं आजच करा. नोंदणीकृत नंबर बदलून घ्या. आणि लॅपटॉपवर क्लाउड बॅकअप आपोआप चालू आहे का ते पाहा, तेच फुटेज दुसऱ्यांदा वर चढत असेल तर निम्मी मर्यादा तिथेच जाते. जुना राउटर लाइनमनला दिला नसेल तर देऊ नका. तो चालतो का, हे दुसऱ्या कुणाच्या कनेक्शनवर लावून तपासा आणि तारखेसह व्हिडिओ करून ठेवा.