आरव्ही घेण्याआधी रात्री मोजा

तुमचा प्रश्न असा: कॅनडात अल्बर्टातल्या एडमंटनला राहता, पगार ९५,००० डॉलर, पीआर (कायमचे रहिवासी) आहात पण पासपोर्ट भारतीय. जुलैत तीन आठवडे उत्तरेला युकॉनला जायचंय. जाताना अलास्का हायवेने व्हाइटहॉर्स आणि क्लुआनी, येताना कॅसिअर हायवेने ब्रिटिश कोलंबियातल्या स्टुअर्टच्या हिमनद्या. भाड्याच्या आरव्हीला (झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेल्या गाडीला) ५,००० किमी धरून ७,८०० डॉलर सांगितलेत. एवढं भाडं भरण्यापेक्षा डीलरकडचा दहा वर्षं जुना क्लास सी (मध्यम आकाराची आरव्ही) ६२,००० ला घ्यावा का? १५,००० आरआरएसपीतून (निवृत्तीसाठीच्या करसवलतीच्या खात्यातून), बाकी ८.५ टक्क्यांनी १५ वर्षांचं कर्ज.

यंदा भाड्यानेच जा.

आधी आरआरएसपी. १५,००० काढलेत की २० टक्के जागेवरच कापले जातील, हातात १२,००० पडतील. तुमच्या पगाराला वरच्या डॉलरवर साधारण ३०.५ टक्के कर बसतो, म्हणजे रिटर्न भरताना आणखी १,५७५. उत्पन्न फुगल्याने मुलीसाठी मिळणारा सरकारी भत्ता, चाइल्ड बेनिफिट, तोही घटेल. आणि ती काँट्रिब्यूशन रूम (खात्यात पैसे भरायची मर्यादा) कायमची गेली. सहलीचे पैसे टीएफएसएमधून (करमुक्त बचत खात्यातून) काढा: कर नाही, आणि तेवढी जागा पुढच्या १ जानेवारीला परत मिळते.

४७,००० च्या कर्जाचा हप्ता महिना ४६३ च्या आसपास, १५ वर्षांत नुसतं व्याज ३६,३०० डॉलर. डीलरच्या किमतीवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे ३,१००, तुम्ही धरलेलाच नाही. पहिल्या वर्षाचं व्याज ३,९००, घसारा ४,००० (हा अंदाज सौम्य आहे), विमा, हिवाळ्यातली पार्किंग आणि देखभाल मिळून ४,१०० धरा. गाडी जागेवर उभी राहिली तरी वर्षाला १२,००० डॉलर. भाडं रात्रीला ३७१ पडतं, म्हणजे वर्षाला सुमारे ३२ रात्री गाडीत झोपलात तरच खरेदी परवडते. तीन आठवड्यांच्या रजेत अल्बर्टाच्या उन्हाळ्यात त्या कुठून काढणार?

इंधन दोन्हीकडे सारखंच. १०० किमीला २२ लिटर धरलं तर सुमारे १,१०० लिटर. कॅसिअरवर पंप विरळ आहेत, त्यामुळे अर्धी टाकी झाली की भरायचीच.

भाड्याच्या करारात एक गोष्ट नीट वाचा: कच्चा रस्ता चालतो का? स्टुअर्टजवळच्या सॅमन ग्लेशियरचा (हिमनदीचा) रस्ता खडीचा आहे आणि तो अलास्कातल्या हायडरमधून जातो. कंपनीने मनाई केली असेल तर तिथे झालेलं नुकसान पूर्ण तुमच्या खिशातून. हायडरला अमेरिकेची चौकी नाही, म्हणून व्हिसा लागत नाही असं लोक बिनधास्त सांगतात. भारतीय पासपोर्टवर तो लागतोच. व्हिसा नसेल तर स्टुअर्टला जाणाऱ्या हायवे ३७ए वर रस्त्यावरूनच दिसणारा बेअर ग्लेशियर बघून परता. काच, टायर, छत आणि गाडीचा खालचा भाग बऱ्याच विम्यांत वगळलेला असतो. ट्रकच्या चाकाखालून उडालेल्या खड्यांनी काचेला तडा जाणं या रस्त्यांवर नेहमीचं, आणि क्लुआनीच्या पुढे बीव्हर क्रीककडे गोठून-वितळून उंचवटे आलेल्या रस्त्यावर वेग न उतरवणाऱ्यांच्या स्प्रिंग तुटतात. यासाठी २,००० डॉलर वेगळे ठेवा.

दोन उन्हाळ्यांत प्रत्येकी ३२ रात्री खरंच भरल्या तर खासगी विक्रेत्याकडून बघा, अल्बर्टात त्यावर जीएसटी नाही. तेव्हा छताचे सांधे आणि कोपरे मॉइश्चर मीटरने तपासून घ्या. आत मुरलेलं पाणी हा सगळ्यात महागडा बिघाड. टायरवर छापलेल्या डीओटी कोडचे शेवटचे चार आकडे टायर बनल्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. सात वर्षं उलटली असतील तर नक्षी कितीही छान दिसो, सहाच्या सहा टायरांचे पैसे किमतीतून कापून मागा.